नसलेली पट्टी

मिलवॉकीत, एका लॉन्ड्रीच्या तळघरात
दर मंगळवारी आम्ही पाच जण.
वर ड्रायर घुमत असतात, म्हणून जानेवारीतही
खाली कोट काढून ठेवता येतो
आणि बोटं वळतात.

व्हायब्राफोन जिना उतरतो तो तुकड्यातुकड्यांनी.
फेंग नळ्या घेतो, छातीशी धरून,
आत कुणी झोपलंय अशा बेतानं.
काझिमिर सांगाडा. मोटर डेलोरिसच्या पिशवीत,
पावाच्या लादीशेजारी.
पट्ट्यांची वळकटी माझ्याकडे:
दोरीत ओवलेलं अ‍ॅल्युमिनियम, खांद्यावर टाकलं
की पायरीपायरीला काहीतरी पुटपुटतं.
लूथर गेन्स काही उचलत नाही.
तो शेवटी येतो, ऐंशीचा, हात खिशात,
आणि विचारतो, आला का सगळा?

मी दिवसा सिटी बसचे ब्रेक बदलते.
माझ्या हातांना घट्ट धरणं तेवढं ठाऊक.
पहिलं वर्षभर लूथर एकच शब्द म्हणायचा: सोड.
एका मुठीत दोन काठ्या, कात्रीसारख्या,
दोन मुठींत चार;
मी त्या पाना धरावा तशा धरायची
आणि सूर खिळ्यासारखा आत जायचा.
सोड गं. मारू नकोस, उचल.
इस्त्री तापली का बघताना
बोट उचलतो ना आपण, तसं.

पेडल त्यानं शिकवलं नाही. ते फेंगनं.
तो ड्रमवाला; म्हणाला, वाजवलेलं सगळ्यांना कळतं,
तू थांबवलेलं कोण ऐकतं ते बघ.
डेलोरिसनं लोकर गुंडाळायला शिकवलं
काठ्यांच्या झिजलेल्या डोक्यांवर,
नातवाच्या स्वेटरमधून उरलेली, जांभळी.
असं कुणाचं काय माझ्या हातांत आलं
त्याचा हिशेब मी ठेवला नाही.

मार्चमध्ये इत्सेल यायला लागली, कॉलेजातली.
तिसऱ्याच मंगळवारी, चष्मा पुसता पुसता,
तिनं विचारलं:
तुम्ही दोघं ही मधली एफ शार्प का वाजवत नाही?
तिच्यापाशी येता, आणि वळसा घालता.

मी म्हटलं, छे.
वाजवून पाहिलं.
हात तिथवर गेला आणि मला न विचारता
खालच्या रांगेतून निघून गेला,
अंधारात तुटकी पायरी चुकवावी तसा.
ही पायरी तर शाबूत होती.

लूथर हसायला लागला. इतका, की खोकला.
अडुसष्ट साली गहाणवटीच्या दुकानातून आणलेलं वाद्य,
सदतीसपैकी छत्तीस पट्ट्या.
त्या एकीपायी दुकानदारानं चार डॉलर कमी केले होते.
"अकरा वर्षं त्या भोकाला वळसा घालत होतो.
लोक म्हणायचे, वा, ही गेन्सची शैली!"

म्हणजे त्याच्याकडे जे नव्हतं
तेही मी शिकले होते, नेटानं,
सगळं असलेल्या वाद्यावर.

इत्सेलनं मग ती पट्टी वाजवली. नुसती ती.
पेडल दाबून धरलं. मोटर चालू होती,
नळ्यांच्या तोंडांवर पाती फिरत होती,
आणि सूर बराच वेळ
डोळ्यांची उघडझाप करत राहिला.
काझिमिर म्हणाला, बरी आहे की.
वर कुणाचा तरी ड्रायर थांबला.

आता मला ती येते. मुद्दाम वाजवतेही.
जरा जास्तच जोरात लागते,
उशिरा आलेल्या पाहुण्याला आग्रह करावा तशी.

पण परवा इत्सेलचा सोलो ऐकत होते.
चढत चढत ती तिथपर्यंत आली
आणि वळली.
लूथरनं माझ्याकडे पाहिलं नाही.
तो छताकडे बघत होता, हात खिशात.